दोन प्रथिनं आणि एक निरांजन

मी मुळातच उतावळी. लहानपणी मटकीला मोड आले की नाही ते बघायला सारखं फडकं सोडायची आणि आईची बोलणी खायची. अशा बाईने वनस्पतींच्या पेशींतल्या प्रथिनांच्या मागे लागावं हा विनोदच, कारण त्या कामात निम्मा जन्म वाट बघण्यात जातो. पण लागले खरी. आणि त्यातली एक गोष्ट सांगताना माझा आवाज अजून चढतो, हातवारे सुरू होतात, चहाचा कप समोर असला तर घरचे तो आधी उचलून बाजूला ठेवतात.

छत्तीसगढ वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं होतं आणि शहराला ते मिरवायची भारी हौस होती. शहराच्या बाहेर भाताच्या शेतांमधून रुंदच रुंद रस्ते काढून नवा रायपूर नावाचं दुसरं शहर उभं राहत होतं. रस्ते तयार, दिवे तयार, चौकातली कारंजी तयार, माणसं मात्र यायची होती. भर दुपारी त्या रस्त्यावर मी नि माझी स्कूटी आणि दुभाजकावरचं गवत खाणाऱ्या गाई, एवढीच काय ती वाहतूक. आमची प्रयोगशाळा तिथल्याच एका नव्याकोऱ्या इमारतीत होती. यंत्रांवरचं प्लास्टिक अजून निघायचं होतं. आमचे सर उत्तरेकडून आलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "स्टेट नया, बिल्डिंग नई, मशीन नई. अब तुम लोग भी कुछ नया दिखाओ." मला तर तेवढंच हवं होतं.

आम्ही दोघी एकाच वर्षी पीएचडीला लागलो. मी रायपूरच्या जुन्या भागातली, पुरानी बस्तीतली, वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, घरात वऱ्हाडी-नागपुरी मराठी. ती महानदीच्या काठच्या एका गावातली, बोलायला मोजकी, हाताने अतिशय स्थिर. मी एक काचेची नळी फोडायची तेवढ्यात तिची दहा कामं झालेली असत. आम्ही आपसांत हिंदीत बोलायचो. तिला आनंद झाला की छत्तीसगढी यायची, मला राग आला की मराठी. वर्षभरात तिला माझ्या मराठीतले सगळे राग कळायला लागले.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, सोपं आहे. बी अंधारात रुजलं की रोप पिवळं, लांबुळकं होतं. उजेड लागला की त्याचं लांबणं थांबतं, पानं उघडतात, हिरवी होतात. हे रोपाला कळतं कसं? त्याला डोळे नाहीत. धानाच्या, म्हणजे भाताच्या, पेशीत एक प्रथिन असतं, ते उजेड ओळखतं. ते प्रथिन तिच्या वाट्याला आलं होतं. दुसरं एक प्रथिन अंधारातला सगळा कारभार बघतं: लांब हो, अजून लांब हो, हिरवं व्हायची घाई नको. ते माझं. आमचं म्हणणं असं होतं की उजेड पडला की तिचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं, माझ्या प्रथिनाला धरतं, आणि तिथे अंधाराचा कारभार आटोपतो. दुसऱ्या झाडांत अशा जोड्या लोकांनी पाहिल्या होत्या. आमच्या धानातली ही जोडी आम्हाला आमच्या डोळ्यांनी बघायची होती. आणि यातला उजेड कोणता, तर लाल. लाल उजेडानेच तिचं प्रथिन सर्वांत जास्त जागं होतं.

हे मी घरी जेवताना सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे लाल दिसला का तुहं झाड चालू पडते?"

"हो बाबा."

"आन हिरव्याले?"

"हिरवा त्याला जवळजवळ दिसतच नाही."

"आमच्या रेल्वेत असतं तं तुह्या झाडाले चार्जशीट भेटली असती," बाबा म्हणाले, आणि मग ओळखीच्या प्रत्येक माणसाला तेच सांगत सुटले. भाजीवालीलाही सांगितलं.

प्रथिनं एकमेकांना धरतात हे बघायची एक युक्ती आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आले होते. एक चमकणारं प्रथिन असतं, त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की ते पिवळं-हिरवं चमकतं. त्याचे दोन तुकडे करायचे. सुटा तुकडा चमकत नाही. एक तुकडा तिच्या प्रथिनाला जोडायचा, दुसरा माझ्या. मग दोन्हींची जनुकं एका जिवाणूच्या मार्फत तंबाखूच्या एका रानटी भाऊबंदाच्या पानात सोडायची. सुई नसलेली सिरिंज पानाच्या पाठीला टेकवून हलकेच दाबली की पानात ओलसर डाग पसरत जातो. पुढे पानाच्या पेशी आपली दोन्ही प्रथिनं तयार करतात. ती दोघं भेटलीच नाहीत तर तुकडेही भेटत नाहीत, सगळं काळं. भेटली तर तुकड्याला तुकडा लागतो आणि केंद्रकात चमक दिसते. आणि एकदा ते तुकडे जुळले की पुन्हा सुटत नाहीत. मग तुम्ही उजेड घालवा, काहीही करा.

म्हणजे आम्हाला दोन गोष्टी दाखवायच्या होत्या. उजेडात ठेवलेली पानं चमकली पाहिजेत आणि अंधारात ठेवलेली काळी राहिली पाहिजेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अंधारातलीही चमकली, तर उजेडाचा त्यात काही हातच नाही, असा अर्थ होतो आणि आमचं म्हणणं तिथेच मोडीत निघतं.

त्या वर्षी राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती मला तिच्या गावी घेऊन गेली. भोजली बघायला. गावातल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, पाणी घालून वाढवतात आणि त्या दिवशी डोक्यावर घेऊन गात गात तळ्यावर जातात. टोपल्यांतली ती रोपं पाहिली आणि मी रस्त्यातच ओरडले, "अगं, ही तर आपलीच पिवळी रोपं!" वाटेतल्या बायका थांबून बघायला लागल्या. अंधारात लांबलेली, मऊ, पिवळीधमक. आमच्या प्रयोगशाळेत जे बघायला एवढी खटपट, ते इथे पोरी डोक्यावर मिरवत होत्या. ती मात्र हसली आणि म्हणाली, तुला आत्ता कळलं होय, मी याच्यामुळेच तर या विषयाकडे आले.

विसर्जन झालं, मग मी आणखी एक बघितलं. ज्यांना जन्माची मैत्री जोडायची त्या दोघी मुली एकमेकींच्या कानामागे त्यातली रोपं खोचत होत्या. याला भोजली बदणं म्हणतात. त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या भोजली. घरची सुखदुःखं एक. आणि मुख्य म्हणजे, पुन्हा कधी एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भेटल्या की "सीताराम भोजली" म्हणायचं.

मी लगेच तिच्यापुढे कान केला. "चल, आपणही."

तिने माझ्याकडे बघितलं, थट्टेत नाही. "भोजली ऐसे ही नहीं बदते," ती म्हणाली. "एक बार बद ली तो छूटती नहीं. तुम्हारा क्या, कल कहीं बाहर चली जाओगी."

मला राग आला, मी मराठीत काहीतरी बोलले, तिला ते कळलं, आणि परतीच्या बसमध्ये आम्ही भेळ खाल्ली. पण ते माझ्या मनात राहिलं. मला ती हवी होती, कायमची, आणि तिने नाही म्हटलं होतं.

नवरात्राच्या तोंडाशी तिचा खरा प्रश्न बाहेर आला. तिच्या गावाजवळच्या शाळेत शिक्षिकेची नेमणूक मिळत होती. दिवाळीनंतर हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. घरचे खूश होते. आधीचं शिक्षण धरून चार वर्षं शहरात राहून पोरगी पानांना पिचकाऱ्या मारते, असंच त्यांच्या कानावर होतं. ती मला म्हणाली, या वेळच्या पानांत जोडी दिसली तर मी थांबते, घरच्यांना मी समजावीन. नाही दिसली तर जाते. मग थांबून करायचं काय? तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. मी मात्र तिथल्या तिथे हिशेब करत सुटले. ती गेली तर तिचं प्रथिन जाणार, तिच्याविना माझं प्रथिन कुणाला धरणार, आणि तिच्याविना मी त्या रिकाम्या रस्त्यांवरून रोज कशासाठी जाणार?

पानांत दोन्ही जनुकं सोडून झाली. झाडांचे दोन गट केले. एक उजेडात. दुसरा आमच्या काळोख्या खोलीत, खोक्याखाली, खोक्यावर काळं कापड. त्या खोलीचा बंदोबस्त आम्हीच केला होता. खिडकीला काळा कागद, दाराला दुहेरी पडदा, दाराच्या फटीत जुनी ओढणी. आत मोबाइल न्यायचा नाही. काम करायचं तर हिरव्या जिलेटिन कागदात गुंडाळलेला बारका दिवा, कारण हिरवा झाडाला दिसत नाही. त्याच खोलीत आमचा चमक बघायचा सूक्ष्मदर्शक होता, सगळ्या इमारतीतलं सगळ्यांत लाडकं यंत्र.

मधे खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. बाबा आपला रेल्वेचा जुना हातकंदील आणि पाना पाटावर मांडतात, आई विळी-कात्री ठेवते. मी म्हटलं, आमची हत्यारं प्रयोगशाळेत आहेत, त्यांची पूजा तिथेच होणार. घरून हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि निरांजन घेऊन सकाळीच गेले. सगळ्यांना कल्पना फार आवडली. सरांनी स्वतः दारात नारळ फोडला. अपकेंद्री यंत्राला हार, फ्रिजला हळदकुंकू, वजनकाट्याला एक फूल, जास्त नको, त्याचं वजन बिघडेल. मग लाडक्या सूक्ष्मदर्शकाची पाळी. काळोख्या खोलीत आम्ही शिस्तीने शिरलो. ट्यूबलाइट लावली नाही. मोबाइल बाहेर ठेवले. दुहेरी पडदा नीट ओढला. सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावलं, निरांजन लावलं. तेवढ्यात ती म्हणाली, "और ये बेचारे? काम तो यही कर रहे हैं." खरंच की! आम्ही काळं कापड काढलं, खोकं उचललं, कुंड्यांना हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकीपुढे एकेक झेंडूचं फूल, आणि निरांजन त्यांच्याचपुढे सरकवलं. सर हात जोडून उभे होते. सगळं फारच सुंदर झालं.

आणि निरांजन कोणी फुंकून विझवत नाही. पूजेचा दिवा आपणहून शांत होऊ द्यायचा, हे तिच्याकडेही तसंच, माझ्याकडेही तसंच, सरांच्या घरीही तसंच. जळत्या वातीशेजारी कापड नि खोकं कसं ठेवणार? म्हणून ते बाजूलाच ठेवलं. बाहेर येऊन आम्ही पेढे खाल्ले, चहा घेतला, गप्पा मारल्या. तूप संपून वात विझली तेव्हा आत जाऊन खोकं पुन्हा झाकलं, कापड घातलं, आणि ट्यूबलाइट लावली नाही म्हणून एकमेकींची पाठ थोपटली.

दुपार कलल्यावर पानं बघितली. आधी उजेडातलं पान. काचपट्टी ठेवली, निळा प्रकाश सोडला, आणि केंद्रकांत पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची चमक! मी किंचाळलेच. दिसली, जोडी दिसली! सरांनी बघितलं, तिने बघितलं, तिचे डोळे भरून आले. मग अंधारातलं पान. तिने ते ठेवलं, वाकली आणि बराच वेळ उठली नाही. मी तिला ढकलून भिंगाला डोळा लावला. तिथेही चमक. थोडी फिकी, पण तीच, तशीच, केंद्रकांत. दुसरं पान, तिसरं पान, सगळी तशीच.

सर खुर्चीत बसले. म्हणाले, याचा अर्थ तुमचे तुकडे आपापले चिकटतायत, उजेडाचा संबंध नाही. वर्षभर मी हा धाग्यावर लटकलेला विषय चालू दिला, आता पुरे. दिवाळीची सुट्टी होईल, परत आलात की नवीन विषय बघू. ते रागावले नव्हते, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. ती उठली, पानं आवरली, काचपट्ट्या धुतल्या, पुसून जागच्या जागी ठेवल्या. जाताना मला म्हणाली, "हव, हो गया." बस एवढंच.

दुसऱ्या दिवशी दसरा. घरी आई पुरण वाटत होती, मी तोंड पाडून बसले होते. आमचे घट स्वयंपाकघराच्या आतल्या कोनाड्यात बसतात. तिथे खिडकी नाही, वर पडदा, शेजारी नऊ दिवस अखंड नंदादीप. दसऱ्याला घट उठले की आई त्यातले गव्हाचे कोवळे अंकुर खुडून सगळ्यांना देते, बाबांच्या टोपीत, माझ्या केसांत. तिने घटाची पत्रावळ माझ्यापुढे आणून ठेवली.

"घे, माळ."

मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. पत्रावळीत एका बाजूची रोपं उंच, पिवळी, मान टाकलेली. दुसऱ्या बाजूची बुटकी, जाड आणि जराशी हिरवट. मधे सरळ रेघ ओढल्यासारखा फरक.

"आई, नंदादीप कोणत्या बाजूला होता?"

"अवं, या बाजूले. काहून?"

बुटक्या बाजूला. तिथे सूर्य नव्हता, ट्यूबलाइट नव्हती. होती ती एक वात. आणि तुपातेलाच्या वातीचा उजेड कसला असतो? लाल! दिसतो पिवळा, पण त्यात लालच जास्त! मी जी ओरडले ते शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं असणार. आम्ही ट्यूबलाइट लावली नव्हती. मोबाइल नेला नव्हता. फटीत ओढणी कोंबली होती. आणि कुंड्यांपुढे, अगदी पानांच्या पुढ्यात, हात जोडून निरांजन ठेवलं होतं! आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही, सरांच्याही नाही. देवाच्या दिव्याला कोण उजेड म्हणतो!

"पोट्टीले येड लागलं काय?" आई म्हणाली.

"लागलं! मी जाऊन येते!"

"आन पुरणपोळी?"

बाबांनी मात्र पत्रावळ उचलून डोळ्यांजवळ नेली, दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, "लाल सिग्नल पडला होता व तुह्या झाडाले." मी त्यांच्या गालाचा मुका घेतला, जो मी शाळा सुटल्यापासून घेतला नव्हता, आणि पत्रावळ मांडीवर सांभाळत स्कूटी काढली.

गावातले रस्ते रावण बघायला निघालेल्या गर्दीने भरले होते. नवा रायपूरकडे वळल्यावर मात्र कोणी नाही, दोन्ही बाजूंना लोंब्या धरलेलं धान आणि मी एकटी मोठमोठ्याने स्वतःशी बोलत चाललेली. ती प्रयोगशाळेजवळच्या गावात एक खोली घेऊन राहायची. दार उघडंच होतं. पेटी खाटेवर, कपडे घड्या घालून ठेवलेले.  मी पत्रावळ तिच्या हातात दिली.

तिने ती खिडकीशी नेली. बोटाने उंच बाजू चाचपली, बुटकी बाजू चाचपली. "दीया किधर था?" तिने विचारलं. मी दाखवलं. ती खाटेवर बसली आणि हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हमने खुद किया," ती म्हणाली. "हल्दी लगाके किया!" मग मीही बसले आणि आम्ही दोघी पेटीला टेकून पोट धरधरून हसलो. घरून निघताना आईने जबरदस्तीने डब्यात कोंबलेली पुरणपोळी आम्ही तिथेच अर्धी अर्धी खाल्ली.

पण ती ती होती. हसून झाल्यावर म्हणाली, हे आपलं म्हणणं झालं, दाखवायला पाहिजे. दिव्यानेच झालं, हे कशावरून? पुन्हा करू. या वेळी तीन गट: एक उजेडात, एक अंधारात, आणि एक अंधारात, पण निरांजनापुढे. आणि प्रत्येक गटाशेजारी गव्हाची एकेक वाटी, भोजलीसारखी पेरलेली. अंधारातली वाटी पिवळी राहिली तर अंधार खरा. जराही हिरवी दिसली तर कुठून तरी उजेड शिरला.  माझ्या डोक्यात फक्त ओरडा होता, तिच्या डोक्यात प्रयोग तयार झाला होता.

दसऱ्याची सुट्टी संपताच आम्ही सरांपुढे उभ्या राहिलो. मी पत्रावळ टेबलावर ठेवली. एव्हाना रोपं सुकली होती, तरी उंची दिसत होती. सर आधी पत्रावळीकडे, मग आमच्याकडे बघत राहिले. "मैं भी तो वहीं हाथ जोड़े खड़ा था," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. एक शेवटची संधी मिळाली, दिवाळीच्या आत.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. आधी गहू रुजायचे, मग पानांत जनुकं सोडायची, मग वाट. काळोख्या खोलीच्या दारावर तिने सरळ कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या दोऱ्यात बांधली, माझ्यापासून. मी दाराबाहेर येरझारा घालायची, फटीतली ओढणी जागेवर आहे ना बघायची. तिच्या भावाचा फोन यायचा, शाळेचं काय ठरलं. ती म्हणायची, दो दिन रुक जाओ. मला ते ऐकू आलं की मी तिथून निघून जायची. मटकीचं फडकं न सोडता थांबणं हे मी आयुष्यात पहिल्यांदाच शिकत होते.

ठरलेल्या सकाळी तिने तिसऱ्या गटापुढे निरांजन लावलं, अंधाराचा गट पलीकडच्या कपाटात बंद. या वेळी हळद नाही, फूल नाही. वात संपली. दुपारी सर आले, आम्ही तिघं आत शिरलो. हिरव्या मंद दिव्यात तिने पानाचे तुकडे कापले.

उजेडातलं पान: चमक. ती दिसणारच होती, तरी मी तिचा दंड धरला.

निरांजनापुढचं पान: चमक. केंद्रकांत तेच ठिपके. सर हळूच "वाह" म्हणाले.

मग अंधारातलं. या वेळी तिने मला पुढे केलं. "तुम देखो," म्हणाली. घाईघाईत भिंगात माझी पापणीच आडवी येत होती. मी बघितलं. काळं. पट्टी सरकवली, काळं. दुसरं पान ठेवलं, सगळीकडे काळंच काळं, इतकं सुंदर काळं मी पुन्हा कधी पाहिलेलं नाही. दोन्ही प्रथिनं तिथे होती, एकाच पेशीत होती, आणि उजेड पडला नव्हता म्हणून एकमेकांच्या वाटेला गेली नव्हती. आणि शेजारच्या गटात एवढ्याशा वातीने ती भेटली होती!   सरांनी बघितलं, मग तिने. नंतर सरांनी ट्यूबलाइट लावली आणि आम्ही तिघं डोळे चोळत एकमेकांकडे बघत हसत उभे राहिलो.

तिने कपाटातून अंधारातली वाटी काढली. गहू पिवळाधमक, लांब, मऊ. अंधार खरा होता. सर चहा सांगायला बाहेर गेले. ती वाटी हातात धरून उभी होती. मग तिने मोबाइल घेतला, भावाला फोन लावला आणि त्यांच्या बोलीत शांतपणे सांगितलं, मी शाळेत येत नाही, माझं काम इथे आहे, बाबूजींना मी स्वतः येऊन सांगीन. पलीकडून बरंच काही बोलणं झालं. ती "हव, हव" म्हणत राहिली, पण तिचं ठरलेलं होतं.

फोन ठेवला. वाटीतली चार पिवळी रोपं खुडली आणि माझ्याजवळ आली.

"अब तो राखी का टाइम नहीं है," मी म्हटलं. 

"भोजली तो है," ती म्हणाली, आणि माझ्या कानामागे रोपं खोचली. मीही खुडली, तिच्या कानामागे खोचली. माझी दोनदा खाली पडली, तिचे हात नेहमीसारखेच स्थिर.

"सीताराम भोजली."

"सीताराम भोजली," मी म्हटलं आणि तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडले. सर चहा घेऊन आले ते दारातूनच परत गेले.

आता खंडेनवमीला आमची हत्यारं बाहेरच्या व्हरांड्यात पूजतात, आणि निरांजन तुळशीपाशी.

माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला परीक्षक बाहेरून आले होते. तीन गटांचं चित्र पडद्यावर होतं, गव्हाच्या तिन्ही वाट्यांसकट. त्यांना ते फार आवडलं. विचारलं, हा प्रयोग तुम्ही कुणाबरोबर केलात? मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते वाट बघत राहिले. पुन्हा विचारलं, नाव काय त्यांचं? आई-बाबा माझ्याकडे बघायला लागले, सर खाली बघून हसू दाबत होते. मी टेबल धरून उभी, आयुष्यभर बडबड केलेली मी, गप्प.

मग मागच्या रांगेतली एक खुर्ची सरकली, ती उभी राहिली आणि तिने स्वतःच आपलं नाव सांगितलं.